घासावें किती आणि राखावें काय?

भांडीं घासण्याचें काम आपल्या घरांत रोज दोन वेळां होतें. परंतु त्याविषयीं विचार मात्र वर्षांतून एकदांहि होत नाहीं. मोरीवर चाललेला तो खडखडाट कानांच्या इतका सरावाचा झालेला असतो कीं, घासण्याच्या क्रियेंत कांहीं शास्त्र असेल आणि तें घरच्या माणसांनीं जाणून घेतलें पाहिजे, हें चांगल्या सुशिक्षित मनुष्याच्याहि ध्यानीं येत नाहीं. आमच्याहि तें आलें नव्हतें. आमच्या घरांतील दोन भांड्यांनीं आमचे डोळे उघडले. त्यांतील एकाचें कायमचें नुकसान झालें व दुसरें थोडक्यांत वांचलें. हकीकत घरगुती आहे. परंतु तींतून जें शिकावयास मिळालें तें अनेक कुटुंबांच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या आजीनें १९६८ सालीं घरखर्चांतून वांचविलेल्या पैशांत स्टेनलेस स्टीलचें एक मोठें पातेलें व एक परात विकत घेतली. तोंपर्यंत आमच्याकडे सारा कारभार तांब्यापितळेचा. कल्हईवाल्याची हांक ऐकूं आली कीं, पातेलीं व तपेलीं उचलून अंगणांत नेण्याची धांदल उडे. आणि कल्हई उडालेल्या भांड्यांत चुकून ताक किंवा आमटी राहिली तर ती कळकून जाई. या जांचांतून सोडविणारीं हीं नवीं भांडीं आजीला किती अपूर्वाईचीं वाटलीं असतील याची आज कल्पना येणें कठीण आहे. दुकानांत भांड्यांवर नांव घालून देण्याची सोय असे. आजीनें आपलें नांव कागदावर स्वतः लिहून दिलें आणि नांव घालणाऱ्यानें तें तिच्या वळणासकट काठाखालीं ठिपक्याठिपक्यांनीं उतरविलें. आजी लग्न होऊन आल्यानंतर, चुलीपुढें बसून राखेंत बोटानें अक्षरें गिरवीत लिहावयास शिकली होती. तिनें पत्रें फारशीं लिहिलीं नाहींत. जीं लिहिलीं तीं वाळवीच्या मुखीं पडलीं. ती गेल्यावर तिच्या हातचें अक्षर म्हणून घरांत जें उरलें तें एवढेंच: पातेल्यावरचें एक आणि परातीवरचें एक.

कांहीं वर्षांपूर्वीं घरांतल्या एका कार्याच्या निमित्तानें आम्हीं ती परात पॉलिश करावयास दिली. “अगदीं चकचकीत करून द्या,” असें आम्हींच सांगितलें. परात परत आली ती आरशासारखी. तींत तोंड पाहून घ्यावें! धाकट्या काकूंनीं ती हातांत घेतली, काठाभोंवतीं एकदां फिरविली, पुन्हां एकदां फिरविली, आणि कांहीं न बोलतां फळीवर ठेवून दिली. तेव्हां कोठें आमच्या लक्षांत आलें. आजीचें नांव गेलें होतें. कारागिरास दोष द्यावा, तर त्यानें आमच्या सांगण्याबाहेर कांहींच केलें नव्हतें. नांव राखा असें त्यास कोणी सांगितलें नव्हतें. आणि चकाकी हवी म्हटलें म्हणजे काय काय जातें हें आम्हांस ठाऊक नव्हतें.

पुढें गेल्या वर्षीं गौरीजेवणाच्या दिवशीं पातेल्यांतली खीर खालीं लागली. करपलेला थर निघेना, म्हणून आमच्यापैकींच कोणीं उत्साहानें लोखंडी तारेची घासणी घेऊन पातेलें आंतबाहेर खसाखसा घासलें. तेव्हां तें स्वच्छ झालें. परंतु महिन्याभरांत त्याच्या अंगावर तांबूस ठिपके उमटूं लागले. स्टीलला गंज चढतो हें पाहून घरांत मतमतांतरें सुरू झालीं. कोणी म्हणे, दुकानदारानें त्या वेळीं आजीला फसविलें. कोणी म्हणे, पातेलें मोडींत द्यावें. शेवटीं पॉलिश करण्याचाच विचार ठरला, तेव्हां काकूंनीं एकच गोष्ट बजाविली: “डाग राहिले तर राहूं देत; पण अक्षर जातां कामा नये.”

या वेळीं आम्ही पातेलें एका निराळ्या कारागिराकडे घेऊन गेलों. लहानसाच कारखाना, उपाहारगृहांचीं मेजें, जिन्यांचे कठडे, रुग्णालयांतील तबकें असलीं कामें तेथें चाललीं होतीं. कारागीर वयानें तरुण होता. त्यानें पातेलें उजेडाकडे धरलें, ठिपक्यांवरून नख फिरविलें आणि विचारलें, “काका, डाग घालवायचे आहेत, कीं भांडें नवें दिसायला हवें?”

“दोन्हींत फरक काय?” आम्हीं विचारलें.

“डाग वरच्यावर आहेत. ते घालवायचे तर नांवाला धक्का लागत नाहीं. नवें दिसायला हवें असेल, तर आधीं जुनें अंग खरवडून काढावें लागेल. मग त्याबरोबर नांवहि जाईल.”

परातीचें काय झालें तें आम्हांस त्या एका वाक्यांत कळलें. आम्हीं त्यास आजीच्या अक्षराची हकीकत सांगितली. त्यानें मान डोलाविली आणि भिंतीवरच्या खुंटीवर टांगलेले दोन पट्टे काढून आमच्या हातांत दिले. “तुम्हीच हात लावून पाहा,” तो म्हणाला.

दोन्हीं पट्टे टोंकें जोडून गोल केलेले होते. यंत्राच्या दोन चाकांवरून असा पट्टा चढवितात. विजेनें चाक फिरलें म्हणजे पट्टा वेगानें धांवूं लागतो आणि त्यावर भांडें टेंकवून घासतात. येथवर दोन्हींचें काम एकच. परंतु पहिला पट्टा हातास काचकागदासारखा लागला. जाड कापडावर कठीण धातुघाशी कणांचा एक थर सरसासारख्या चिकट द्रव्यानें बसविलेला. प्रत्येक कणाचें टोंक वर, आणि पाठीमागें न दबणारें कापड. दुसरा पट्टा मात्र मऊ, फुगीर आणि जाळीदार होता. दाबला कीं दबे, सोडला कीं पुन्हां वर येई. कारखान्यांतून त्यास ‘नॉन-वोव्हन बेल्ट’ म्हणतात. म्हणजे न विणलेल्या तंतूंचा पट्टा.

हें ‘न विणलेलें’ म्हणजे काय तें जुन्या घरांतील माणसांस चटकन समजेल. धोतर किंवा घोंगडी विणलेली असते. तिचे उभे-आडवे धागे मोजतां येतात. बुरणुसाचें तसें नसतें. लोंकरीचे तंतु एकमेकांत गुंतवून व दाबून तो केलेला असतो; त्यांत ताणा नाहीं आणि बाणाहि नाहीं. या पट्ट्याच्या वरच्या अंगीं नायलॉनचे तंतु अशाच रीतीनें, परंतु दाट न दाबतां मोकळे मोकळे गुंतविलेले असतात. ताण सोसावा म्हणून त्यांच्या पाठीशीं विणलेल्या कापडाचा आधार देतात, आणि सुयांनीं टोंचून तंतु त्या कापडांत रोंवतात. मग राळेसारख्या कृत्रिम द्रव्यांत घोळलेले बारीक कण या तंतूंवर बसवून तें सारें भट्टींत पक्कें करतात. कण बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे किंवा सिलिकॉन कार्बाइडचे असतात.

आतां दोन पट्ट्यांच्या कामांत जो भेद पडतो तो याच रचनेमुळें. पहिल्या पट्ट्यावरील कणास मागें सरण्यास जागा नसते. भांडें जोरानें दाबलें कीं, तो कण तेवढाच खोल रुततो आणि नांगराच्या फाळाप्रमाणें धातूंत चर पाडीत जातो. दुसऱ्या पट्ट्यावरील कण लवचिक तंतूच्या पाठीवर बसलेला असतो. अधिक भार आला कीं, तंतु वांकतो व कण मागें सरतो. म्हणून त्याचा ओरखडा उथळ राहतो, आणि धातु जाते ती अगदीं वरच्यावर. पृष्ठावरचा मळ, गंज, रंगाची झांक, बारीक कंगोरे यांस तो काढून टाकतो. परंतु भांड्याचा आकार, त्याची जाडी आणि त्यावर कोरलेलें अक्षर यांस तो सहसा हात लावीत नाहीं. शिवाय जाळी मोकळी असल्यामुळें घासलेली धूळ तींत अडकून पट्टा बुजत नाहीं. आणि वरचे तंतु झिजले कीं खालचे ताजे कण आपोआप पुढें येतात.

पट्टा हातांत धरून आम्ही हें ऐकत असतां आमच्या मनांत आपली जुनी मोरी उभी राहिली. नारळाच्या काथ्याचा बोळा आणि चुलींतली राख, यांनींच आपल्या आज्या-पणज्यांनीं भांडीं घासलीं. काथ्या म्हणजे न विणलेल्या चिवट तंतूंचा पुंजका, आणि राख म्हणजे त्यांत धरलेले बारीक कण! शिवाय राखेंत क्षार असल्यामुळें तेलकटपणाहि सुटे. न्हाणीघरांत अंग घासण्यास वाळलेल्या घोसाळ्याची जाळी असे; तीहि निसर्गानें केलेली तशीच गुंफण. तत्त्व एकच: कठीण कणास मऊ आसन द्यावें, म्हणजे तो मळ काढतो पण अंग सोलीत नाहीं. आधुनिक शास्त्रानें यांत जी भर घातली ती ही कीं, राखेसारखे सुटे कण तंतूंस कायमचे चिकटविले, आणि कणांची जात व जाडी मोजून निश्चित केली.

कणांची जात म्हटली म्हणजे आपल्या देशाची आठवण निघालीच पाहिजे. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड निसर्गांत ज्या खनिजाच्या रूपानें सांपडतें त्यास इंग्रजींत ‘कोरंडम’ म्हणतात, व हा शब्द तमिळ ‘कुरुंदम्’पासून गेलेला आहे. संस्कृतांतील ‘कुरुविंद’ आणि आपल्या मराठींतील ‘कुरुंद’ हे त्याचेच सोयरे. काठिण्याच्या मापांत हिऱ्यास १० हा अंक देतात, तर कुरुंदास ९. माणिक व नीलम हीं कुरुंदाचींच रंगीत रूपें होत; म्हणजे ज्या पदार्थाची अंगठी करून बोटांत घालावी त्याचाच ओबडधोबड भाऊ घासण्याच्या कामीं येतो. पुढें हे कण भट्टींत तयार होऊं लागले. सिलिकॉन कार्बाइड १८९१ सालीं एडवर्ड अ‍ॅचेसन या अमेरिकन संशोधकास विजेच्या भट्टींत प्रथम मिळालें. त्यासच ‘कार्बोरंडम’ हें नांव पडलें.

या न विणलेल्या जाळीचा इतिहासहि मनोरंजक आहे. अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांत १९०२ सालीं कांहीं मंडळींनीं कुरुंदाची खाण खणण्यासाठीं एक कंपनी काढली. खणून पाहतां तो खडक कुरुंदाचा नसून अगदीं हलक्या प्रतीचा निघाला. कंपनी बुडावयाची, पण मंडळींनीं खाणीचा नाद सोडून काचकागद करण्याचा उद्योग धरला. तीच आजची प्रसिद्ध ‘थ्री-एम’ कंपनी. तिच्याच हूवर, ड्युप्रे व रँकिन या तिघां संशोधकांच्या नांवें मोकळ्या जाळीच्या, न विणलेल्या घासणीचें पेटंट १ नोव्हेंबर १९६० रोजीं अमेरिकेंत नोंदलें गेलें. आपल्या मोरीवर आज जी हिरवी घासणी दिसते ती याच वंशांतली. आणि कारखान्यांतला पट्टा हा तिचाच यंत्रावर चढलेला थोरला भाऊ. ज्या वस्तूला आपण रोज हात लावतों तिचें कूळ असें दूरवर पसरलेलें असतें!

आतां पातेल्यावर गंज कां चढला तें सांगतों. स्टेनलेस स्टील म्हणजे मुख्यतः लोखंडच. परंतु त्यांत क्रोमियम धातु निदान शेंकडा १०॥ मिसळलेली असते. भांड्यांच्या चांगल्या प्रतींत शेंकडा १८ क्रोमियम व ८ निकेल असतें. हवेंतील प्राणवायूशीं क्रोमियमचा संयोग होऊन पृष्ठावर एक अत्यंत पातळ, डोळ्यांस न दिसणारा पापुद्रा तयार होतो व तो आंतल्या लोखंडाचें रक्षण करतो. ओरखडा पडला तरी हवा लागतांच तो पापुद्रा पुन्हां धरतो. म्हणून स्टीलचें भांडें नेहमींच्या ओरखड्यानें गंजत नाहीं. परंतु लोखंडी तारेनें घासलें असतां त्या तारेचे सूक्ष्म तुकडे भांड्याच्या अंगांत रुतून बसतात. तें लोखंड परकें. त्याला क्रोमियमचें कवच नाहीं. पाणी लागलें कीं तें गंजतें, आणि आपण म्हणतों, भांडें गंजलें! दुकानदारानें आजीला फसविलें नव्हतें. फसविलें होतें आम्हीं, घासणी उचलून.

कारागिरानें काम सुरू करण्यापूर्वीं आम्हांस एक कपाट दाखविलें. त्यांत साध्या लोखंडावर वापरलेले पट्टे एका बाजूस व स्टीलवर वापरावयाचे दुसऱ्या बाजूस, असे निरनिराळे ठेवले होते. लोखंडावर चाललेला पट्टा स्टीलवर चालविला, तर त्याच्या जाळींत अडकलेला लोहचुरा स्टीलवर जावयाचा आणि पुन्हां तेच तांबूस ठिपके उठावयाचे. मग त्यानें मधल्या प्रतीचा पट्टा चढविला. पट्ट्यांच्या प्रति जाड, मध्यम, बारीक व अतिबारीक अशा असतात, व बहुधा त्या रंगावरून ओळखतात. परंतु सर्व कारखानदारांचे रंग सारखे नसतात, म्हणून रंगावर न विसंबतां मागील बाजूची खूण वाचावी, असें तो म्हणाला.

पातेलें त्यानें पट्ट्यावर दाबलें नाहीं. नुसतें टेंकविलें, आणि सतत फिरवीत ठेविलें. या पट्ट्यास जोर लावणें म्हणजे त्याचा गुण घालविणें होय. जोर लावला कीं तंतु पार दबून जातात व मऊपणा संपतो. शिवाय घर्षणानें उष्णता वाढते. नायलॉन त्याच्या जातीप्रमाणें सुमारें २२० ते २६५ अंश सेंटिग्रेडला वितळतें. तें वितळून धातूवर माखलें तर डाग काढतां काढतां नवाच डाग पडावयाचा. म्हणून गतिहि बेताचीच ठेवावी लागते. नांवाच्या जागेशीं आल्यावर त्यानें आणखी बारीक प्रतीचा पट्टा चढविला, एकवार हलकेंच फिरविलें, यंत्र थांबविलें आणि उजेडांत पाहिलें. पुन्हां एकवार फिरविलें आणि पुन्हां पाहिलें. आंतल्या अंगास पट्टा पोंचत नाहीं, म्हणून तेथें त्याच जाळीचें लहान चाक वापरलें. शेवटीं साबणाच्या कढत पाण्यानें पातेलें धुऊन तें कोरडें केलें, म्हणजे घासलेला चुरा अन्नांत जाण्याची भीति नको.

अर्ध्या तासानें पातेलें आमच्या हातीं आलें. तें आरशासारखें नव्हतें. त्याच्या अंगावर एकाच दिशेनें गेलेल्या रेशमासारख्या बारीक रेषा होत्या आणि त्यांतून मंद झळाळी येत होती. ठिपके नाहींसे झाले होते. आजीचें नांव जागच्या जागीं होतें. तिच्या ‘र’ची ती लांबवलेली शेपटीसुद्धां.

येथें कोणी असें समजूं नये कीं, हा पट्टा सर्व रोगांवर औषध आहे. खोल चरे, ठोके, सांध्यावरचे वितळलेल्या धातूचे उंचवटे यांपुढें त्याचें कांहीं चालत नाहीं. तेथें पहिला, काचकागदी पट्टाच लागतो. आधीं ८० अंकाच्या जाड कणांचा, मग १२० चा, मग १८० चा असें उतरत यावें लागतें आणि अखेरचा हात या मऊ पट्ट्याचा. दोघांचीं कामें निराळीं आहेत. आमच्या परातीवर डाग नव्हते, ठोके नव्हते. तरीहि आम्हीं तिच्यावर पहिल्या पट्ट्याचा प्रयोग करविला, ही चूक होय.

चकाकी म्हणजे स्वच्छता, ही समजूतहि सोडून दिली पाहिजे. दूधदुभत्याच्या यंत्रांइतकी स्वच्छता तर क्वचितच कोठें लागत असेल. अमेरिकेंतील त्या धंद्याच्या नियमांप्रमाणें दुधाशीं संबंध येणाऱ्या पृष्ठाचा खडबडीतपणा सरासरीनें ०.८ मायक्रोमीटरहून अधिक असूं नये, एवढेंच बंधन आहे. मनुष्याच्या केसाची जाडी सुमारें ७० मायक्रोमीटर धरली, तर हें माप किती बारीक आहे तें कळेल. परंतु एवढ्या मापास आरसा लागत नाहीं. चांगल्या हातानें केलेलें रेशमी अंग पुरतें. आरशासारख्या अंगावर तर पहिल्याच दिवशीं बोटांचे ठसे व ओरखडे उठून दिसतात, आणि मग पुन्हां पॉलिश, पुन्हां धातूचा क्षय!

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. कारखान्यांत पाऊल टाकतांच त्या तरुणानें आम्हांस यंत्रापासून चार हात दूर उभें केलें होतें. त्याच्या नाकातोंडावर मुखवटा व डोळ्यांवर चष्मा होता. अंगांत घट्ट बाह्यांचा सदरा होता. आणि यंत्रामागें धूळ ओढून नेणारा नळ बसविलेला होता. “हा खर्च गिऱ्हाइकाला दिसत नाहीं,” तो हंसून म्हणाला. परंतु त्याची किंमत इतिहासानें फार मोठी लिहून ठेविली आहे. ज्या शेफील्ड शहरांत हॅरी ब्रेअर्ली यानें १९१३ सालीं गंज न चढणारें पोलाद तयार केलें, त्याच शहरांत एकोणिसाव्या शतकांत वाळूच्या दगडावर कोरड्यानें कांटे-चमचे घांसणारे कामगार दगडाची धूळ छातींत जाऊन ऐन तारुण्यांत मरण पावत. आज कण बदलले, दगडाची धूळ गेली. तरी क्रोमियम-निकेलयुक्त धातूची धूळ फुप्फुसांस घातकच आहे. अ‍ॅल्युमिनियमची बारीक धूळ तर हवेंत दाटली असतां दारूसारखी पेटते. चीन देशांतील कुन्शान येथें २ ऑगस्ट २०१४ रोजीं मोटारींचीं चाकें घासून गुळगुळीत करण्याच्या कारखान्यांत असाच स्फोट होऊन शंभराहून अधिक कामगार प्राणांस मुकले. तेव्हां पॉलिशला भांडें देतांना दोन पैसे कमी कोण घेतो एवढेंच न पाहतां, तेथें धूळ ओढणारा पंखा आहे कीं नाहीं, घासणाऱ्याच्या तोंडावर मुखवटा आहे कीं नाहीं, हेंहि पाहावें. आपल्या भांड्याची चकाकी दुसऱ्याच्या छातीच्या मोलानें घेणें कोणाहि गृहस्थास शोभणारें नाहीं.

आतां घरच्या व्यवहारासंबंधीं चार शब्द. स्टीलच्या भांड्यांस लोखंडी तारेची घासणी कधींहि लावूं नये. करपलेलें भांडें आधीं पाण्यांत थोडा सोडा घालून उकळावें. थर बहुतेक आपोआप सुटतो. हिरव्या घासणींत कुरुंदासारखे कठीण कण असतात हें विसरूं नये. म्हणून ती काचेस, चांदीस, मुलामा दिलेल्या वस्तूंस, आरशासारख्या पॉलिशला व न चिकटणाऱ्या लेपाच्या तव्यांस लावूं नये; तेथें मऊ कापड किंवा पांढरी, सौम्य घासणी घ्यावी. रेशमी अंगाच्या भांड्यावर घासणी रेषांच्या दिशेनेंच फिरवावी, आडवी फिरवूं नये. कल्हई केलेल्या भांड्याच्या आंतल्या बाजूस कोणतीहि खरखरीत घासणी लावणें म्हणजे विकत घेतलेली कल्हई मोरींत सोडणें होय. आणि भांडें कारखान्यांत देण्याचा प्रसंग आलाच, तर तीन गोष्टी तोंडानें स्पष्ट सांगाव्या: कोणतें अक्षर किंवा नक्षी राखावयाची, झळाळी आरशाची हवी कीं रेशमी, आणि लोखंडावर वापरलेला पट्टा या भांड्यास लावूं नये. हें सांगण्यास मिनिटभर लागतें. न सांगितल्याची हानि मात्र भरून येत नाहीं.

पातेलें घरीं आणलें तेव्हां काकू देवघरांत होत्या. त्यांनीं बाहेर येऊन पातेलें घेतलें, पदरानें काठ पुसला आणि अक्षरावरून बोट फिरविलें. मग फळीवरची परात काढून तिच्यावर तें पातेलें ठेवीत म्हणाल्या, “एकीवर आहे, तें दोघींचें आहे.” घरांतील लहान मुलांस आतां तें नांव वाचून दाखविण्यांत येतें, एका नातीनें तर राखेऐवजीं पिठांत बोटानें तें गिरवून पाहिलें.

घासणें म्हणजे कांहींतरी नाहींसें करणें. तेव्हां घासावयास बसण्यापूर्वीं, काय जावें याबरोबरच काय राहावें हेंहि ज्यानें त्यानें आपल्याशीं ठरवून घ्यावें. मळ जावा, गंज जावा. अंग राहावें, अक्षर राहावें. आमच्या वाचकांच्या घरींहि एखाद्या डब्यावर, तांब्यावर किंवा परातीवर असें एखादें नांव असेलच. तें पुसट होण्याच्या आधीं एकवार काढून वाचावें, एवढीच आमची विनंति आहे.